मोठ्या जावयानं आणलेली वायर

आमच्या साडूभाऊंइतका मदतीला धावून येणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांची मदत एकदा घेतलेला माणूस पुन्हा जन्मात कुणाकडं मदत मागत नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीवर राहून करतोय. मी गंगाखेडला एका शाळेत गणित शिकवतो, सिद्ध केल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजेच आमच्या सासऱ्यांचे मोठे जावई. राहणार सोनपेठजवळच्या एका खेड्यात. जन्मभर गावाच्या पाण्याच्या मोटारीवर नोकरी केली, आता निवृत्त झालेत. निवृत्त झालेत असं मी म्हणतो. ज्यांच्या घरी त्यांचं जाणं-येणं आहे त्यांना विचारा, हा माणूस आत्ताच कुठं कामाला लागलाय असं ते सांगतील.

साडूभाऊंचं एक तत्त्व आहे. कुठल्याही वस्तूचा जोड आणायचा तर ती वस्तूच दुकानात घेऊन जायची. माप घेणं, कागदावर चित्र काढणं, मोबाइलवर फोटो दाखवणं हे सगळे त्यांच्या मते फसवणुकीचे प्रकार. "वस्तूला वस्तू दावायची, मंग खोटं बोलायला जागाच ऱ्हात न्हाई," असं त्यांचं म्हणणं. कुकरच्या झाकणाचं रबर आणायला ते अख्खा कुकर घेऊन गेले, इथपर्यंत मी समजू शकतो; पण त्यात वरण होतं. एकदा घराच्या दाराला कडी हवी होती, तर या गृहस्थानं दार बिजागऱ्यांतून उचकटलं आणि डोक्यावर घेऊन थेट आठवडी बाजार गाठला. मागं माझी मेहुणी उघड्या घराच्या उंबऱ्यात काठी घेऊन दिवसभर बसली. संध्याकाळी साडूभाऊ दार घेऊन परत आले आणि खुशीत म्हणाले, "दाराला तीन गिऱ्हाईकं लागली! कडी मातर मिळाली न्हाई."

त्यांचा दुसरा छंद वायरींचा. त्यांच्याकडं सोयाबीनचं एक पोतं आहे, आणि त्यात सोयाबीन सोडून सगळं आहे. बंद पडलेल्या रेडिओची वायर, कधीच्या काळच्या टीव्हीच्या अँटिनाची वायर, कुणाच्या तरी लग्नात मंडपवाला विसरून गेला ती वायर. लोकांकडं जुने फोटो असतात, तशा यांच्याकडं वायरी. काही फेकून द्या म्हटलं की यांचा चेहरा उतरतो. "सर, मशीन मरतंय, वायर मरत न्हाई," असं मला ते अगदी समजुतीच्या सुरात सांगतात. मला ते सर म्हणतात, पण ऐकत माझं काडीचंही नाहीत.

आता मुद्द्यावर येतो, कारण मला आठवूनही ताप यायलाय. आमचे सासरे, अण्णा, हे एकेकाळचे नावाजलेले गायक. त्यांची गायन पार्टी होती. भीमजयंतीच्या दिवसांत गावोगाव त्यांचे कार्यक्रम व्हायचे, आणि बहुतेक गाणी त्यांनी स्वतःच लिहिलेली. ती सगळी एका जाड वहीत. शाई उडालेली, ओळींवर ओळी, खोडून वर लिहिलेलं, समासात बाण. अण्णांशिवाय ते अक्षर वाचणारा माणूस जगात नाही; आणि वही बघितल्याशिवाय अण्णांनाही आता गाणी सलग आठवत नव्हती. आणि अण्णांचे डोळे चालले होते. उजवा आधीच गेला होता. डाव्याबद्दल डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जे वाचायचं ते महिनाभरात वाचून घेऊ द्या." म्हणून आम्ही त्यांना गंगाखेडला आणलं. बायकोनं वहीच्या पानांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतले. पान मोठं केलं, अक्षर वितीएवढं केलं, की अण्णांना दिसायचं. फक्त त्यासाठी नाक काचेला लावावं लागायचं. अण्णांनी नाक लावलं की बाकीच्यांना अण्णांच्या टकलाशिवाय काही दिसत नसे. मग बायकोनं टाइप करायचं कुठं बघून? हातानं उतरवून घ्यावं, तर अण्णा वाचता वाचता गायला लागायचे, आणि गाण्याच्या वेगानं लिहिणारा हात आमच्या घरात नाही. तेव्हा उपाय एकच. माळ्यावर आमचा जुना मॉनिटर पडून होता, तो दुसरा पडदा म्हणून जोडायचा. त्यावर अण्णांचं पान, नव्यावर हिचं टायपिंग. अडचण वायरीची.

अडचण म्हणजे काय, तर अगदी साधी गोष्ट. आमच्या कॉम्प्युटरला मागं पडद्यासाठी दोन भोकं. एकात नव्या मॉनिटरची वायर बसलेली. दुसरं भोक दिसायला जवळपास तसंच, पण एक कोपरा छाटलेला, म्हणजे त्याची वायर वेगळी. आणि माळ्यावरचा मॉनिटर जुन्या जमान्यातला; त्याला निळं, पंधरा पिनांचं, बाजूला दोन स्क्रू असलेलं तोंड. छाटलेल्या कोपऱ्यातून निघून पंधरा पिनांत जाणारा जोड पाहिजे. मी शोधला, मोबाइलवर ऑर्डरही केला. चार-पाच दिवसांत घरपोच येणार होता. आणि तेवढ्यात अण्णांची खुशाली विचारायला साडूभाऊंचा फोन आला, आणि मी मूर्खासारखा बोलून गेलो.

"कॅन्सल करा!" ते फोनवर ओरडले. "मी मेलो का? वायर काय इकत घ्यायची चीज हाय?"

मी नाही म्हणणार होतो. पण बायकोनं डोळे वटारले. त्यांच्या घरात मोठ्या जावयानं 'मी करतो' म्हटलं की दुसऱ्यानं ते करायचं नसतं, तो अपमान समजतात. "दाजींना काय वाटंल?" असं म्हणून तिनं माझ्यासमोर ऑर्डर रद्द केली. मला काय वाटेल हे या घरात कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडूभाऊ पोत्यासकट हजर. जयभीम झाला, पाणी झालं, आणि त्यांनी पोतं बैठकीत पालथं केलं. आमच्या घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. एकेक वायर उचलायची, कॉम्प्युटरच्या मागं लावून बघायची, नाही बसली की तिला "तू नंतर" म्हणून बाजूला ठेवायची. दुपारपर्यंत हेच. मी तोंडानं सांगतोय की बाबा, हे रेडिओचं आहे, हे मिक्सरचं आहे, हे तर गाडीच्या हॉर्नचं आहे. पण त्यांचा एकच सिद्धांत, की जी बसंल ती चालंल. एक वायर तर त्यांनी छाटलेल्या कोपऱ्यात इतकी दाबली की कॉम्प्युटर टेबलावरून पुढं सरकत निघाला. अण्णा खुर्चीत बसून काळ्या पडद्याकडं तोंड करून होते. त्यांनी विचारलं, "लागलं का रे?" साडूभाऊ म्हणाले, "लागायलंय अण्णा, लागायलंय."

दोन दिवस पोत्यात गेले. मग त्यांनी बाजारातून एकाला दोन फाटे फोडणारा एक डबा आणला, बरोबर पंधरा पिनांचा जोडही. दोन्ही पडदे उजळले. साडूभाऊंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चहा माझ्या शर्टावर. "दिसायलंय की वो सर!" दिसत होतं हो, पण दोन्हीकडं तेच. हिनं टाइप करायला घेतलं की अण्णांच्या नाकासमोरचं पान गडप व्हायचं. पान आणलं की हिचं टायपिंग गडप. अण्णा ओळीच्या मध्यावर थांबायचे, परत नाक लावायचे, परत पहिल्यापासून. "डब्याचा गुण न्हाई," साडूभाऊ म्हणाले, "पडदाच आळशी हाय. दुसऱ्याचं बघून लिहायलाय." मी कपाळावर हात मारला.

मग त्यांनी मॉनिटर वाकळीत गुंडाळला आणि परभणीची एस.टी. धरली. मॉनिटरला खिडकीची जागा दिली आणि स्वतः पूर्ण वाटभर उभे राहिले, हे त्यांनी नंतर अभिमानानं सांगितलं. वस्तूला वस्तू दाखवून जोड आणला. एका बाजूला पंधरा पिनांचं तोंड, मॉनिटरला चपखल. दुसऱ्या बाजूला, कॉम्प्युटरच्या ज्या भोकात नव्या मॉनिटरची वायर होती त्यात बसणारं. म्हटलं, ठीक आहे, निदान नवा काढून जुना तरी लावून बघू. लावला. पडदा काळा. मी जोडाच्या डबीवरचा बाण बघितला आणि बसलोच. जोड उलट्या दिशेचा होता. जुन्या कॉम्प्युटरचं चित्र नव्या टीव्हीत न्यायचा.

"मंग उलटा लावा," साडूभाऊ म्हणाले.

"उलटा लागत नाही. एकाच बाजूनं चित्र जातं."

"आसं कसं? पाइपातून पानी दोन्ही बाजूनं जातंय."

मी अर्धा तास डोकं फोडलं. शेवटी वैतागून म्हणालो, "अहो, यात पाणी मागं फिरू न देणारा फुटवॉल्व्ह आहे असं समजा!" तर हा माणूस उजळलाच की! "मंग असं सांगा ना! फुटवॉल हाय म्हनून! एवढं शिकलेले तुमी, पन सांगायची अक्कल न्हाई बघा."

हे त्यांनी मला ऐकवलं. मला! आणि माझा तोल गेला. दहा दिवस झाले होते. सकाळीच अण्णांनी चहाचा कप समजून पेनांच्या डब्याला हात घातलेला मी बघितला होता. मी ओरडलो, "साडूभाऊ, तुमच्या वायरीसाठी अण्णांचे डोळे थांबणार नाहीत! दहा दिवसांत एक गाणं उतरलं नाही. गाणी गेली तर ती तुमच्यामुळं जातील." साडूभाऊंनी वाकळीची घडी केली, चपला घातल्या आणि चहा न घेता गेले. बायको माझ्याशी बोलली नाही. अण्णा तेवढं म्हणाले, "एवढं लागंल असं बोलू न्हाई रे." मला लाज वाटली, पण रागही गेला नव्हता.

सकाळी सातला दारात जीप. साडूभाऊ आत आले, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पेटी द्या." त्यांनी कॉम्प्युटर उचलला, दोन्ही मॉनिटर उचलले, कीबोर्ड, माउस, हे सगळं ठेवलेलं टेबलसुद्धा उचललं. सगळं परभणीला. तिथं दुकानाच्या फळीपुढं टेबल मांडलं, सगळं जोडलं आणि दुकानदाराला सांगितलं, "दोन पडद्यावर दोन येगळी चित्रं दिसल्याबिगर मी हितून हालत न्हाई." तीन तास गिऱ्हाईकं यांच्या टेबलाला वळसा घालून जात होती म्हणे. दुपारी ते परतले, तेव्हा त्यांच्या मुठीत तो जोड होता. छाटलेला कोपरा एका टोकाला, पंधरा पिना दुसऱ्या टोकाला. मी ऑर्डर केला होता, तोच. अगदी तोच! जोडलं, आणि अण्णांच्या समोर वहीचं पहिलं पान उभं राहिलं.

पुढचे पंधरा-सोळा दिवस आमच्या घरात नुसतं गाणं होतं. अण्णा जुन्या पडद्याला नाक लावून वाचायचे, गायचे, स्वतःच्याच एखाद्या शब्दावर हसायचे. ही भराभरा टाइप करायची. आणि साडूभाऊ टेबलाखाली वायरींपाशी बसून राहायचे. "हालली तर?" म्हणायचे. सोनपेठला जायचं नाव नाही. एका सकाळी अण्णा पडद्यासमोर बसले आणि काचेवर नाक इकडून तिकडं फिरवत राहिले. ही म्हणाली, "अण्णा, अजून मोठं करू का?" ते म्हणाले, "करून काय उपेग न्हाई बाई. सगळं पांढरं दिसायलंय." वहीतली अकरा गाणी राहिली होती. ही तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं, ते दहा दिवस, ते पोतं, तो डबा! त्या दहा दिवसांत अकरा गाणी सहज झाली असती. साडूभाऊंना काय बोलू आणि काय नको असं मला झालं.

आणि टेबलाखालून आवाज आला. साडूभाऊ पुढचं गाणं म्हणत होते. सूर अगदी बेताचा, पण शब्दाला शब्द. एक कडवं, दुसरं, तिसरं. "हितं अण्णा दम घ्यायचे," असं सांगून ते थांबले आणि मग पुढं म्हणू लागले. अण्णांच्या कार्यक्रमांत वीस वर्षं माईकची वायर धरायला हाच माणूस गावोगाव हिंडला होता. त्याला सगळी वही पाठ होती.

"अहो, मग आधी का नाही बोललात?" मी जवळजवळ किंचाळलोच. "हा सगळा खटाटोप कशासाठी?"

"अण्णा वाचायलेत तवर मी कशाला तोंड घालू?" साडूभाऊ टेबलाखालूनच म्हणाले. "गानी त्यांची हायेत. त्यांच्या तोंडून उतरायला पायजेत. मी आपला वायरवाला."

अकरा गाणी त्यांनी सांगितली. एका ठिकाणी त्यांचा शब्द अण्णांना आठवत होता त्याहून वेगळा निघाला. बायकोनं विचारलं, कुठला ठेवू? अण्णा दोन्ही शब्द गुणगुणून बघून म्हणाले, "त्याचाच ठेव. चांगला हाय."

पुस्तक छापून आलं त्या दिवशी आम्ही सगळे सोनपेठकडं गेलो. अण्णा तेव्हा मोठ्या जावयाकडं राहायला गेले होते. अण्णांनी पुस्तक हातात घेतलं, कव्हरवरून बोटं फिरवली, वास घेतला आणि साडूभाऊंच्या हातात दिलं. "वाच," म्हणाले, "काय छापलंय ते ऐकू दे." साडूभाऊंनी पुस्तक मांडीवर उघडलं. मी शेजारीच बसलो होतो. ते पुस्तकात बघतच नव्हते. त्यांची नजर अण्णांच्या चेहऱ्यावर होती, डोळे भरून आले होते, त्यातून त्यांना एक अक्षरही दिसणं शक्य नव्हतं. पण गाणं अडलं नाही. एक संपलं की दुसरं. आणि मध्येच आठवण झाली की ते अण्णांना ऐकू जाईल असं एक पान उलटायचे.