व्हर्लीनने सही नाकारली

...तर तिची सिमेंट घोटायची थापी मीच लपवली होती, इथवर सांगून झालं होतं. वाळूच्या ढिगात! व्हर्लीन टब्जने ती अर्ध्या तासात उकरून काढली, पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हाताऱ्या, पुढच्या वेळी जरा खोल पूर." मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो!

ही अमेरिकेतल्या टोलेडोतली, एक्क्याऐंशी सालची गोष्ट. लाँड्रीतली नोकरी सोडून ती युनियनमार्फत सिमेंटच्या कामावर शिकाऊ म्हणून आली. काही येत नसताना, शिकता शिकताच आमच्या निम्मा पगार. आम्हाला तेच खुपायचं, आणि त्यातून ती बाई. डबा खायला बसली की आम्ही उठून दुसरीकडे जायचो. फोरमन ऑर्विलने तर बजावलंच होतं, "हिला कुणी काही शिकवायचं नाही." सहा महिने झाले की शिकाऊच्या कार्डावर, काम जमतं म्हणून, सही त्याचीच लागायची. सही नसली, की युनियनची कमिटी नाव कापणार.

तिच्या सहा महिन्यांच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही एका गोदामाच्या आवारात काँक्रीट ओतलं. आभाळ भरून आलेलं, काँक्रीटवर पाणी सुटलेलं, ते काही जिरेना. ऑर्विल ओरडला, "सुकं सिमेंट भुरभुरा आणि घोटा! पाऊस येतोय." आम्ही गुडघ्याखाली फळ्या घेऊन चढलो. व्हर्लीन जागची हलली नाही.

"वर पाणी असताना घोटलं तर थर सुटतो," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"युनियनची शाळा."

"मग शाळेतच जाऊन घोट!"

आम्ही खो खो हसलो. मी सगळ्यांत मोठ्याने. पाऊस काही आलाच नाही. कडेचा एक पट्टा राहिला होता. पाणी आटेपर्यंत ती दोन तास बादलीवर बसून राहिली आणि मग एकटीने तो घोटला. ऑर्विलने कार्ड खिशात घातलं, सही केली नाही.

तीन आठवड्यांनी पहिला ट्रक आवारात वळला आणि चाकाखाली वरचा थर पोपडे होऊन उडाला. तिने घोटलेला पट्टा तेवढा शाबूत. मालक पिसाळला. त्याच शुक्रवारी ऑर्विल कार्ड घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. सोमवारी तिच्या नावाचा निकाल लावायला कमिटी बसायची होती.

"ए पोरी, आत्ता सही करतो. मालकाला एवढंच सांग, की सुकं सिमेंट तू टाकलंस. शिकाऊ आहेस, तुला कोण काय बोलणार?"

आम्ही सगळे खाली बघत होतो. सिमेंट टाकणाऱ्यांत मीही होतो ना! तिने कार्डाकडे पाहिलं, हात मात्र पुढे केला नाही.

"ऑर्विल, सहा महिने मला कुणी काही शिकवायचं नाही, हा तुमचाच हुकूम होता, मग ही चूक मी शिकले कुणाकडून, ते सोमवारी कमिटीपुढे तुम्हीच सांगा, आणि येताना आवारातला एक पोपडा खिशात घालून आणा."