तिच्या बापानं दार उघडलं

सिनेमात खरं किती आणि खोटं किती, यावर शहाणी माणसं वाद घालायला लागली की मला आमच्या पडवीत शेंगा फोडत बसणाऱ्या बाया आठवतात. त्यांनी या मंडळींना चांगलंच पाणी पाजलं असतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव पिंगळीपासून कोसभर आत. मी परभणीला मामाकडं राहून शिकत होते, आणि शाळेत उर्दू असल्यामुळं सिनेमातलं बोलणं मला कळायचं. तिथल्या पत्र्याच्या थेटरात शुक्रवारी दुपारी जनान्याचा, म्हणजे फक्त बायकांसाठी, खेळ असे. मामी मला हटकून घेऊन जाई, कारण पडद्यावर कोण काय म्हणालं ते तिला सांगायला कुणीतरी हवं असे. सुट्टीत गावी आले की तोच सिनेमा मी पडवीत सांगायची. उन्हाळ्यात बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला शेजारपाजारच्या बाया आमच्याकडं जमत. हात शेंगांत आणि कान माझ्याकडं.

पण मुकाट्यानं ऐकून घेतील तर शपथ! शेजारची काकू सगळ्यांत खट. नायक एक हात छातीवर ठेवून गात गात नांगर हाकतो, असं मी म्हटलं की ती विचारी, "मंग नांगर दाबायलाय कोण? फाळ मातीत जायलाय का वरच तरंगायलाय?" नायिका पाण्याला निघाली की, "घागरीखाली चुंबळ हाय का?" चुंबळ नव्हती. "मंग न्हाई पटलं." आणि हीच काकू, साधूनं हात वर करताच आंधळ्या म्हातारीला दिसायला लागलं तिथं पदरानं डोळे पुसत होती. मी चिडून म्हटलं, घागर तेवढी खोटी आणि हे बरं खरं? "साधू म्या पाहिला न्हाई पोरी, घागर रोज वाहते," ती म्हणाली, आणि वर मलाच दम दिला, "पुढं सांग, लय वेळ लावती."

त्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण, अक्का, घरी होती. माहेरपणाला नव्हे. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नाही म्हणून सासरच्यांनी तिला आणून घातली होती आणि नवऱ्यानं दुसरी केली होती. आता त्या दुसरीला दिवस गेले होते, आणि सासरहून निरोप आला होता की बाळंतपणाला घरात माणूस नाही, मोठीला पाठवून द्या. येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तिचा दीर बैलगाडी घेऊन येणार होता. गावातले जाणते आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सांगत होते की आपण होऊन बोलावतायत तर धाडून द्यावी. लेक दिल्या घरीच बरी. माय चुलीपुढं बसून रडायची. आबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. अक्काला कुणी विचारलंच नव्हतं, आणि ती मूग गिळून शेंगा फोडत होती. मला आबांचा असा राग आला होता की त्यांना पाण्याचा तांब्या द्यायचंसुद्धा जिवावर येई.

बाजाराच्या दिवशी दुपारी बायांनी नवीन सिनेमा सांग म्हणून धरलं. मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. नुकताच पाहिलेला सांगायला घेतला. सासरच्यांनी हाकललेली बाई उन्हातान्हाची चालत बापाच्या दाराशी येते आणि कडी वाजवते, इथपर्यंत मी आले तेव्हा कुठं माझी चूक माझ्या ध्यानात आली. कारण सिनेमात बाप दार उघडत नाही. दिल्या घरी जा, एवढंच आतून म्हणतो. ती तशीच नदीवर जाते आणि उडी टाकते. नवरा काठावर येऊन ऊर बडवतो. मामी थेटरात हुंदके देऊन रडली होती.

अक्काचे हात थांबले होते. पडवीच्या टोकाला आबा अंबाडीचा दोर वळत बसले होते, त्यांची पाठ आमच्याकडं होती. मला सोडायला आलेली मामी परभणीला परत गेली होती, हे माझं नशीब.

"मंग?" काकू म्हणाली.

"मंग तिच्या बापानं दार उघडलं," मी म्हणाले.

एकदा सुटले ती सुटलेच. बापानं तिला पोटाशी धरलं, गोडधोड करून घातलं, अर्धं रान तिच्या नावावर करून दिलं.

"हे न्हाई पटलं," काकू म्हणाली. "लेकीच्या नावावर रान कोण करतंय? तिला भाऊ न्हाईत का?"

"हायेत."

"मंग ते काठ्या घेऊन येतील."

"नावावर कशाला?" दुसरी एक बाई म्हणाली. "हिरीकडचा तुकडा नुसता कसायला देईल की."

काकूनं शेंग दाताखाली धरून विचार केला. "हां, हे होतंय. पर लोक बोलतील."

"बोलतील," चुलीकडून माय म्हणाली. माझ्या गोष्टीत ती कधी तोंड घालत नसे. "बोलून दमतील अन् पेरणीला लागतील."

तरी काकूचं समाधान होईना. "पर इतके दिस गप बसलेला बाप एकाएकी पलटला कसा? कायतरी झालं आसंल की."

आता काय सांगावं? मी आबांच्या पाठीकडं पाहिलं आणि म्हणाले, "दार उघडल्यावर त्यानं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. तवर पाहिलंच नव्हतं."

"हां," काकू म्हणाली. "आता पटलं."

आबा दोर तिथंच टाकून उठले आणि रानाकडं गेले.

दुसऱ्या दिवशी दीर आला. आबांनी त्याच्या बैलांना वैरण टाकली, त्याला पोटभर जेवू घातलं, आणि हात धुवायला पाणी देताना सांगितलं, "पोरगी येणार न्हाई."

"लोक काय म्हणतील, मामा?" दीर आबांना म्हणाला.

"बोलतील, बोलतील अन् पेरणीला लागतील," आबा म्हणाले.

आत माय पदर तोंडात धरून हसत होती की रडत होती, मला कळेना. मी तर अशी फुगले, की सिनेमावाल्यांनी आता मलाच बोलावून न्यावं. त्या पावसाळ्यात विहिरीकडच्या तुकड्यात अक्कानं मिरच्या लावल्या. लोक बोलले, आणि काकू त्यांना पुरून उरली.

पुढं काही वर्षांनी अक्का माझ्याकडं परभणीला आली होती, तेव्हा तोच सिनेमा थेटरात परत लागला. मी डोकं दुखतंय म्हटलं, ऊन फार आहे म्हटलं, ती ऐकेना. जनान्याच्या खेळाला आम्ही दोघी शेजारी बसलो. कडी वाजली, दार उघडलं नाही, बाई नदीकडं निघाली. भोवती सगळ्या बाया मुसमुसत होत्या. मी अक्काचा हात धरला आणि म्हणाले, "अक्का, म्या तवा..."

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुला सोडायला आली तवाच मामीनं सांगितलं व्हतं. ती नदी लय दिस माझ्या डोक्यातून जात नव्हती."

म्हणजे सगळं माहीत असून तिनं त्या दुपारी ताकास तूर लागू दिली नव्हती! "मंग मी खोटं सांगायले हे तू बोलली का न्हाईस?"

अक्का पडद्याकडंच बघत होती.

"शेवट मला ठावा व्हता गं," ती म्हणाली. "आबांना ठावा नव्हता."