बंद न केलेले पाणी

मी खोटे एकच वाक्य बोललो, आणि तेही इंग्रजीत. ‘घर बंद करण्याचे काम माझ्या पत्नीकडे होते.’ त्याचा मराठी अनुवाद मी अनेक वर्षे स्वतःच्या कानांवरही पडू दिला नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहत होतो. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात भाचीच्या लग्नासाठी नागपूरला निघालो. टॅक्सी दारात उभी होती आणि पत्नी स्वयंपाकघरातल्या सिंकखाली वाकली होती.

“अहो, पाण्याचा मेन कॉक बंद करते हं. शेजारच्या आजी म्हणाल्या, पाणी गोठलं की पाइप फुटतात.”

“राहू दे.”

“विम्याच्या कागदातही तेच लिहिलंय.”

“माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर ओंजळभर पाणी घेऊ दिलं नाही कोणी. त्यांच्या नातवाच्या घरातलं पाणी बंद होणार नाही.”

ती उठून उभी राहिली. “आजोबांचं बरोबर आहे. मग हीटिंग तरी मंद चालू ठेवा, म्हणजे पाइप गोठणार नाहीत.”

हीटिंग मी बंद केले. तिथे मला आजोबा आठवले नाहीत. गॅसचे बिल आठवले.

परतलो तेव्हा दार उघडताच गालिचा पायाखाली पचपचला. माळ्यावरचा पाइप फुटला होता, छताचा गिलावा पलंगावर कोसळला होता आणि जिन्यावरून पाणी शांतपणे उतरत होते. पुढे विमा कंपनीचा तपासणीस आला. मृदू आवाजात त्याने विचारले, हीटिंग चालू होते का? पाणी बंद केले होते का? घर कोणी बंद केले? तेव्हा मी ते वाक्य बोललो. बादली घेऊन उभ्या असलेल्या पत्नीला इंग्रजी माझ्याइतकेच येत होते. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि बादली सिंकमध्ये रिकामी केली.

भरपाई नाकारलीच गेली. घर कोणी बंद केले याच्याशी कंपनीला देणेघेणे नव्हते. खोटे बोलून मी फक्त स्वतःचा चेहरा वाचवला. मित्रमंडळींतही तीच कहाणी पसरली, आणि मी ती पसरू दिली.

यावर कोणी माझी समजूत घालू नये. ‘परक्या देशातली थंडी, नवखी माणसे’ ही सबब मला नको. थंडीने मला खोटे बोलायला सांगितले नव्हते. आजोबांच्या तहानेचा अभिमानही मी मागे घेणार नाही. तो माझा आहे, आणि राहील. पण त्या तहानेचे पांघरूण मी स्वतःच्या कंजूषपणावर घातले. आता दर हिवाळ्यात माळ्यावरचे पाइप मी स्वतः गुंडाळतो. गावाला जाताना सिंकखालचा कॉक स्वतः फिरवतो, नळ उघडून उरलेले पाणी काढून टाकतो. आजोबांचा त्यात काडीचाही अपमान होत नाही. स्वतःच्या घरातले पाणी स्वतःच्या हाताने बंद करणे आणि दुसऱ्याने ते तोडणे यांतला फरक त्यांना माझ्याहून अधिक कळला असता.

नव्वदच्या दशकात, लंडनमधल्या इल्फर्डला एका मित्राच्या घरी बुद्धवंदना आटोपून आम्ही जेवायला बसलो होतो. मित्र पत्नीला म्हणाला, “वहिनी, पुढच्या महिन्यात आम्ही इंडियाला चाललोय. घराला कुलूप लावायला तुम्ही तेवढ्या येऊ नका हं!”

सगळे हसले. वाढता वाढता तीही हसली. मी ताट खाली ठेवले.

“ती कॉक बंद करत होती. मी थांबवलं. हीटिंगही मीच बंद केलं.”

“अरे, जाऊ दे ना. केव्हाची गोष्ट!”

“जाऊ देणार नाही. इतकी वर्षं हसलात, आता एवढं ऐकाच.”

मग मी तिच्याकडे वळलो. माझा आवाज एरवी खोलीपार जात नाही. त्या दिवशी गेला.

“पाइप फुटला तो फुटला. पण तुझ्यासमोर उभं राहून मी तुझ्यावर खोटा दोष ढकलला, आणि तू गप्प राहिलीस त्याचाही फायदा घेतला. माझं चुकलं. मला माफ कर.”