गंगाधरचा पेला पोहोचवायला नांदेडला

तालमीच्या हौदावर फरशी बसणार हे पक्कं झालं, तेव्हा मी दोन पेले पिशवीत घालून निघाले.

हौद म्हणजे कुस्तीच्या लाल मातीचा खड्डा. आमच्या अहमदपुरात माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं त्यात पोरं घडवली. गाव त्यांना वस्ताद म्हणायचं, मीही वस्तादच म्हणायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली. ती माती रोज खणावी लागते, तिला ताक, तेल, हळद घालावी लागते, तर ती अंग टाकण्याजोगी मऊ राहते. त्यांच्यामागं खणायला कुणी उरलं नाही. माती दगडासारखी झाली. मग तालमीच्या मंडळानं तिथं अभ्यासिका करायचं ठरवलं. लातूरला क्लास लावणं ज्यांना झेपत नाही, त्या पोरापोरींना बसायला जागा होईल. मी नको म्हटलं नाही. कशाच्या जोरावर म्हणणार होते?

माझ्याकडं काम आलं ते फळी रिकामी करण्याचं. आमच्या तालमीत प्रत्येक पोराचा अर्ध्या लिटरचा स्टीलचा पेला असायचा, त्यावर त्याचं नाव टाकलेलं. बदाम, खसखस, बडीशेप, मिरे मी पाट्यावर वाटायची, दुधात कालवायची, आणि जोर-बैठका झाल्या की पोरं एका रांगेत उभं राहून प्यायची. उभ्यानं, एका दमात, पेला मधे खाली न टेकवता. आणि ज्याला वस्तादांनी काढून टाकलं, त्याचा पेला ते फळीवर पालथा घालायचे. तो सुलटा करायचा तर त्यांनीच. इतर कुणी त्याला हात लावायचा नाही.

तीस वर्षांत असे चार-पाचच पालथे झाले असतील. बाकीचे परत सुलटे झाले. एक राहिला, गंगाधरचा.

बरेच पेले गावातल्या गावात वाटून झाले. बालाजीचा लातूरला द्यायचा होता, गंगाधरचा नांदेडला. बालाजीचा पेला कुरिअरनंही गेला असता. गंगाधरला मात्र मला एक गोष्ट समोर बसून सांगायची होती, आणि त्याचा पत्ता फक्त बालाजीकडं होता. म्हणून आधी लातूर.

वाचणाऱ्यांसाठी सांगते: अहमदपूरहून लातूरला दिवसभर एसटी मिळते. चाकूरमार्गे दीड-पावणेदोन तास. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं साठ रुपयांच्या आसपास काम होतं. सकाळची सातची गाडी धरू नका, क्लासच्या पोरांनी भरून येते. मी आठची धरली. दोन्ही बाजूंनी तुरी काढणीला आल्या होत्या. शेजारच्या बाईनं पिशवीतून काय वाजतंय म्हणून विचारलं. पेले म्हटल्यावर ती म्हणाली, आहेरात आता स्टील कुणी घेत न्हाई मावशी, परत देतेत.

लातुरात गंजगोलाईत उतरून चहा घेतला. ही गोल बाजारपेठ बघायची असेल तर दहाच्या आत जावं, दुकानदार तेव्हा बोलायला मोकळे असतात. तिथून शेअर ऑटोनं औसा रोड. बालाजीची जिम कुठं, हे विचारावं लागत नाही. चौकातल्या फलकावर तो दंड फुगवून उभा आहे. फोनवर त्याचे व्हिडिओ माझी भाचीसुद्धा बघते. किती अंडी खावीत, पाठ कशी ताठ ठेवावी, कोणती पावडर घ्यावी, सगळं तो सांगतो. लातूर, नांदेड, परभणीची पोरं त्याच्या शब्दावर उठतात-बसतात. वस्तादांनी सांगितलेलं पोरांना पटायला वर्ष लागायचं.

जिन्यात मोठे फोटो लावले होते. त्यात सगळ्यात वरचा गंगाधरचा. नांदेडमध्ये वजनं उचलायला शिकवणारा पहिला नावाजलेला माणूस तोच. दहा वर्षांत त्यानं निम्म्या नांदेडच्या पोरांना लोखंड धरायला शिकवलं असं म्हणतात. फोटोत त्याची मान आणि खांदे एकच झालेत. मी तिथं थोडी थांबले.

आत सगळीकडं आरसे. आमच्या तालमीत आरसा नव्हता, वस्ताद लावू देत नसत. बालाजी धावत आला, पाया पडला, आणि मग म्हणाला, काकू, एक मिनिट, परत एकदा. पहिल्या वेळी फोन चालू नव्हता. दुसऱ्या वेळी तो जास्त वाकला. मला खुर्चीत बसवून, दिवा लावून, वस्तादांबद्दल दोन शब्द बोला म्हणाला. मी म्हटलं, ते कमी बोलायचे. त्यावर तो हसला आणि एवढंच लई झालं म्हणाला.

रागवावं असं काही तो वागला नाही. जेवू घातलं, भाकरी-पिठलं मुद्दाम मागवलं. पेला दोन्ही हातांनी घेतला, त्याचे डोळेही भरले. फक्त भरले तेव्हा फोन चालू होता, एवढं मी पाहिलं.

गंगाधरचा पत्ता मागितला तेव्हा त्यानं तो दिवा आणि फोन आधी बंद केला. मला बाजूला घेतलं.

"काकू, जाऊ नका. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात."

मला आधी कळेनाच. मी म्हटलं, जिन्यात फोटो आहे की.

"फोटो जुना हाय. हप्त्यात तीनदा मशीनवर असतो. अंग फुगवायची इंजेक्शनं घेतली, काय काय. लोकांला माहीत न्हाई. तुम्हीबी कुठं बोलू नका, धंद्याला बरं न्हाई." मग जरा थांबून, "डोस चुकला त्याचा."

डोस चुकला. म्हणजे बरोबर डोस कोणता, हे बालाजीला माहीत होतं. मागं आरशासमोर पोरं उभी होती, कुणाला अजून मिसरूड नीट फुटलेली नव्हती. मी काही बोलले नाही. आजही वाटतं, तिथं तरी बोलायला हवं होतं. माझं बोलायचं राहून जाण्याची ही पहिली वेळ नाही, आणि त्याचंच तर पुढं सांगायचं आहे.

लातूर ते नांदेड साडेतीन-चार तास, अर्धं तिकीट सव्वाशेच्या आत. गाडी परत चाकूर, अहमदपूर करून लोह्यावरून जाते. अहमदपूरच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबली. खाली ओळखीचा शेंगावाला, समोर आमच्या गल्लीची कमान. उतरावं असं फार वाटलं. पिशवी उचलूनही झाली. मग परत मांडीवर ठेवली.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. गंगाधरच्या बोचक्यात तसल्याच इंजेक्शनची सुई सापडली. वस्तादांनी एक शब्द न बोलता त्याचा पेला पालथा घातला. महिनाभरानं तो दुपारी घरी आला. त्या दिवशी वस्ताद देवणीच्या बाजाराला गेले होते, तालमीच्या दुधासाठी गाय बघायला. गंगाधर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, काकू, मी सोडलं ते सगळं, वस्तादांना सांगा, मला माघारी घ्या म्हणावं. मी म्हटलं, पेला पालथा आहे, माझ्या हातात काय? एवढ्या उन्हातून आला होता, त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

वस्ताद संध्याकाळी आले ते गाय घेऊन, खुशीत. उद्या सांगू म्हटलं. उद्या दुसरं काही निघालं. आठवडा गेल्यावर वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही, म्हणतील. पुढं गंगाधरचं नांदेडात नाव झालं. वस्तादांच्या कानावर यायचं. ते म्हणायचे, एकदा तरी यायला पाहिजे होतं त्यानं. दरवर्षी एकदोनदा म्हणायचे. शेवटच्या आजारातही म्हणाले. मी त्यांचं तोंड पुसत होते. तेव्हाही सांगितलं नाही.

नांदेडला उतरले तर सात वाजले होते. एकट्या बाईनं मुक्काम करायचा असेल तर गुरुद्वाऱ्याजवळच्या यात्री निवासात जावं. स्वच्छ आहे, भाडं कमी आहे, आणि एकटी का म्हणून कुणी विचारत नाही. लंगरमध्ये डाळ-रोटी खाल्ली. वाढणाऱ्यानं दोनदा विचारलं, माताजी और. मी पुस्तकं वाचून वाचून शिकलेली बाई; देवाशी बोलण्याची मला सवय नाही. पण तिथल्या पायऱ्यांवर बसून उद्या काय बोलायचं ते चारदा म्हणून पाहिलं. चारही वेळा वेगळं आलं.

सकाळी ऑटोनं तरोडा नाक्याकडं. दार गंगाधरच्या बायकोनं, सुनीतानं उघडलं. मशीनचा दिवस नव्हता, म्हणून तो घरी होता. कॉटवर बसलेला माणूस मी ओळखला नसता. खांदे शर्टाच्या आत कुठंतरी राहिले होते. डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली. त्यानं मात्र मला लगेच ओळखलं. उठायला लागला, मी बसवलं.

"आता वजन उचलत न्हाई काकू," तो म्हणाला, "नुसतं माझंच मोजतेत. मशीनच्या आधी एकदा, मशीनच्या नंतर एकदा."

हे बोलून तो हसला. सुनीता हसली नाही, तिनं ते अनेकदा ऐकलेलं असणार.

मी अर्धा किलो बदाम आणि खसखस नेली होती. तीस वर्षांची सवय, पोराकडं जायचं तर दुसरं काय न्यायचं? लातुरात सगळं कळल्यावरही माझ्या डोक्यात आलं नाही. सुनीतानं पुडा हातात घेतला, वाचला, आणि हळूच माझ्या पिशवीत परत ठेवला. ह्यांना बदाम न्हाई चालत आत्या, म्हणाली, दूधबी मोजकंच. पाणीबी मोजून.

मग मी पेला काढला आणि सांगितलं. उद्याचं परवा कसं झालं, वस्ताद काय म्हणायचे, शेवटी काय म्हणाले, सगळं. पाण्याचंही सांगितलं. चार वेळा म्हणून पाहिलेलं काहीच कामाला आलं नाही.

गंगाधर पेल्यावरच्या नावावरून अंगठा फिरवत होता.

"काकू, त्या दिवशी मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "सोडलं नव्हतं काही. सुई खिशातच होती. तुम्ही सांगितलं असतं तर वस्तादांनी घेतलं असतं मला, अन् मी त्यांला फसवलं असतं. बरं झालं."

मी सुनीताकडं पाहिलं. ती खाली फरशीकडं बघत होती.

तो खरं बोलला की माझ्यावरचं ओझं उतरवायला बोलला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळण्याचा मार्ग नाही. त्याला परत विचारायची माझी छाती नाही. खरं असेल तर मी वस्तादांचं नुकसान केलं नाही, पण हे पोर तेव्हाच हातचं गेलेलं होतं. खोटं असेल तर तो दारात खरंच सोडून आला होता, आणि मी त्याला परत पाठवलं. दोन्हीकडून शेवट त्या कॉटवरच येतो.

सुनीता उठली. पाण्याची बाटली आणली, तिच्यावर पेनानं खूण केली होती. खुणेपर्यंतचं पाणी तिनं पेल्यात ओतून पाहिलं. काठाखाली बोटभर जागा राहिली.

"दिवसाचं पाणी बरोबर बसतंय," ती म्हणाली. "हाच वापरू. बाटलीत अंदाज चुकतो ह्यांचा."

निघताना गंगाधर दारापर्यंत आला. वस्तादांनी पेला सुलटा केला असता का, एवढं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. हे मात्र मी खरं सांगितलं की खोटं, ते मला पक्कं माहीत आहे: खरं. त्यासाठी तर ते वाट बघत होते.

नांदेड ते अहमदपूर दोन तास. लोह्याला गाडी थांबली तेव्हा काही खावंसं वाटलं नाही. बदामाचा पुडा मांडीवर होता.

येऊन पंधरा दिवस झाले. हौदावर फरशी बसली, पांढरी. पोरंपोरी मान खाली घालून वाचत बसतात, तेही चांगलंच आहे. बालाजीनं माझा व्हिडिओ टाकला. भाची सांगते लाखो लोकांनी बघितला, आणि खाली बरेच जण पावडर कोणती ते विचारतात. वस्ताद कमी बोलायचे, हे माझं वाक्य त्यानं कापलं. त्याचा पेला जिममध्ये काचेच्या कपाटात आहे, वर दिवा लावलाय.

काल सुनीताचा फोन आला. आत्या, तुम्हीच समजावा, माझं ऐकत न्हाईत, म्हणाली. दिवसभराचं पाणी घोट-घोट प्यायचं असतं. हे सकाळी उठतात, पेला उचलतात, उभं राहतात आणि एका दमात पिऊन टाकतात, खाली टेकवत न्हाईत. मग दुसऱ्या दिवसापर्यंत ओठांवरून जीभ फिरवत बसतात.

मी फोन त्याला द्यायला सांगितला. वस्तादांच्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला. म्हटलं, गंगाधर, घोट-घोट प्यायचं, पेला खाली ठेवायचा.

"हाव काकू," तो म्हणाला.

आज सकाळी परत सुनीताचा फोन आला होता. आजही उभ्यानं, एका दमात, पेला खाली न टेकवता.