वहिनीच्या पिकअपचा मेंदू

माझी भावजय मिझना गाडी चालवताना एक शब्द बोलत नाही आणि मला गप्प बसवत नाही, म्हणून आमचं जमतं. भाऊ गेल्यापासून आम्ही दोघीच ओमानच्या वाळवंटात, वाळूच्या कडेला राहतो. शेळ्यांचा कळप, चार उंटिणी, पाण्याची टाकी आणि ती पांढरी जपानी पिकअप, एवढा आमचा संसार.

पिकअप घेतली भावानं, पण त्याच्या हाताला ती कधी वळलीच नाही. वाळूची चढण आली की तो आपला ॲक्सिलरेटर दाबून शिव्या घालायचा. मग वहिनी खाली उतरायची, चारी चाकांतली हवा कमी करायची, त्याला बाजूला सरकवायची आणि एका दमात गाडी वर. भाऊ हसून म्हणायचा, "घरात मी मालक, वाळूत ही." घरातही तीच होती, पण गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोला!

गाडीतून विहिरीचं पाणी यायचं, चारा यायचा, गुरुवारी सिनावच्या बाजाराला बोकड जायचे. आणि हिवाळ्यात करडं यायची. रानात शेळी व्याली की वहिनी ते ओलं करडू ओढणीत गुंडाळून पुढे, बाजूच्या सीटच्या पायांशी ठेवायची. तिथे हीटरची ऊब लागते ना. बाजूच्या सीटवर कोण? मी. आजवर किती करडं माझ्या पावलांवर मुतली असतील, ते अल्लालाच ठाऊक. बोलायची सोय नव्हती. "वन्सं, धुतलं की निघतं," एवढंच ऐकून घ्यायचं.

मग गाडीचं काहीतरी बिनसलं. समोरचा पिवळा दिवा लागायचा, इंजिन उचक्या द्यायचं आणि ऊन तापलं की मेलं बंदच पडायचं. बॉनेट उघडून थंड होऊ दिलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही! एकदा मात्र विहिरीच्या पलीकडे जी बंद पडली, ती पडलीच. फोनला रेंज नाही. दिवस मावळेपर्यंत आम्ही गाडीच्या सावलीत बसून होतो. शेवटी उंट हाकत चाललेला एक शेजारी भेटला आणि त्यानं घरी आणलं. त्याचं तोंड कुठलं बंद राहायला! दुसऱ्या दिवशी बातमी मस्कतला.

मस्कतजवळ सीबला वहिनीचा एकुलता एक मुलगा राहतो, मुसल्लम. कचेरीत नोकरी, थंडगार घर, गुणी बायको. पोरगा वाईट नाही, पण आईला रोज फोनवरून शिकवायचा, शेळ्यांना हे घाल, गाडीत ते तेल टाक. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्या शुक्रवारी मात्र तो स्वतः आला.

वहिनीनं चटई टाकली, खजूर ठेवले, कॉफी ओतली. मुसल्लमनं कॉफीचं इवलंसं बिनकानाचं फिंजान हातात घेतलं आणि न पिता समोर चटईवर ठेवलं.

आमच्यात पाहुण्यानं कॉफी न पिता खाली ठेवली, की त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि यजमानानं 'दिलं' म्हटल्याशिवाय तो ओठ लावत नाही. खुनाचे तंटे मिटवताना करतात हे, सोयरीक मागताना करतात. पोटच्या पोरानं आईपुढे करावं?

"मुसल्लम, आई आहे रे ती तुझी," मी म्हटलं.

"आत्या, तू मध्ये पडू नकोस. मला रात्र रात्र झोप नाही. ही वाळूत मरून पडली तर मला तिसऱ्याच दिवशी कळायचं."

वहिनीनं खजुरांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "पी. दिलं. काय हवं ते माग."

"गाडी पुन्हा एकदा वाळूत बंद पडली, की शेळ्या, उंटिणी, सगळं विकायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं."

"बरं," ती म्हणाली. त्यानं कॉफी प्यायली, आईचं कपाळ चुंबलं आणि गेला. मी भांडी आपटत आत गेले. मला तिचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. उंटिणीचं दूध काढताना जी गाते, ती बाई चार भिंतींत काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही सिनावला, गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाजीकडे. शाजी मूळचा केरळचा, पण इथेच म्हातारा झाला, आमची बोली आमच्यापेक्षा जोरात बोलतो. त्यानं दिव्याकडे पाहिलं, वायर जोडून कसलंसं यंत्र लावलं आणि माझ्या सीटच्या पायांशी असलेलं प्लॅस्टिकचं झाकण उघडलं. आतून पुस्तकाएवढा पत्र्याचा डबा निघाला.

"हा गाडीचा मेंदू, आई. पेट्रोल किती, ठिणगी कधी, सगळं हाच सांगतो." त्यानं डबा उघडला. आतली हिरवी पट्टी पांढऱ्या-निळ्या बुरशीनं खाल्ली होती. शाजीनं नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. "यात काय सांडलं?"

"काही नाही," वहिनी म्हणाली.

मला हसू आवरेना. "सांग ना गं! करडांनी केलेलं सांग! शाजी, मेंदूवर मुतलीत मेली, पिढ्यान्‌पिढ्या!"

शाजीनं कपाळावर हात मारला. वहिनी मात्र हसली नाही. ती त्या डब्याकडे अशी बघत होती, जसं एखादं जनावर तिच्याच हातून मेलं असावं.

नवा डबा आता कुठे मिळत नव्हता. शाजीनं भंगारातल्या तशाच पिकअपचा काढून आणला. वरच्या चिठ्ठीवरचा आकडा तोच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. "एवढ्यानं काय होतंय, चालेल," तो म्हणाला. त्यानं बॅटरीची वायर काढली, डबा बसवला, वायर परत जोडली. गाडी सुरू झाली, पिवळा दिवा विझला. आम्ही खजूर वाटून निघालो.

डांबरी संपून वाळू लागली, पहिली चढण आली आणि अर्ध्यावर इंजिन गप्प.

वहिनीनं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"वहिनी," मी हळूच म्हटलं, "इथे कुणी नाही. कुणी पाहिलं नाही. उद्या शाजीच्या उरावर बसू, दुसरा डबा घालून घेऊ. मुसल्लमला कशाला कळतंय?"

"मी पाहिलं ना, वन्सं."

"अगं, पण..."

"त्यानं माझ्या हातची कॉफी प्यायली त्या शब्दावर."

मी तिला खूप बोलले. वेडी म्हटलं, हट्टी म्हटलं, माझा विचार कर म्हटलं. मी रडलेसुद्धा. तिनं ऐकून घेतलं, उतरली, बॅटरीची वायर काढून लावली आणि तशी रखडत, थांबत गाडी घरी आणली.

आणि तरीही पुन्हा शाजीकडे गेली! "सीबपर्यंत जायचंय," म्हणाली, "मला माझ्या गाडीनंच जायचं." शाजीला स्वतःची लाज वाटत होती. ओमानभर फोन करून त्यानं तंतोतंत त्याच अक्षराचा डबा सूर शहरातून मागवला. यावेळी गंजलेल्या पिना घासल्या, डबा जुन्या जागी न ठेवता वर, सामानाच्या कप्प्यामागे पट्टीनं आवळला, आणि आम्हा दोघींना दम भरला, "पायांशी करडू ठेवायचं नाही!" गाडी अशी चालायला लागली, की भावाच्या वेळीही चालली नव्हती. वाळूत, भर दुपारी, एक उचकी नाही. मला ते बघून जास्तच रडू यायचं.

जायच्या दिवशी वहिनीनं कपड्यांची पेटी मागे बांधली. कळप शेजारणीकडे सोपवला, गिऱ्हाईक येईपर्यंत. पहाटेच एक शेळी व्याली होती आणि करडाला जवळ घेत नव्हती, म्हणून तेही बरोबर. कुठे ठेवणार? माझ्या मांडीवर! सीब येईपर्यंत माझा झगा कामातून गेला होता.

मुसल्लम दारातच उभा होता. पिकअप बघून तो पुढे धावला. "आई, तू एवढ्या लांब... हिनं?"

"गाडी बंद पडली होती वाळूत," वहिनी म्हणाली. "तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी. शब्द दिला होता, आले."

त्याचा चेहरा उजळला, हे खरं सांगते. आईवर जीव आहे त्याचा. त्यानं आम्हाला गालिच्यावर बसवलं, सुनेनं खजूर आणले, हलवा आणला, कॉफी ओतली.

वहिनीनं फिंजान घेतलं आणि न पिता समोर ठेवलं.

सुनेनं तोंडावर हात ठेवला. मला आत्ता कुठे उमगलं, की ही बाई रस्ताभर गप्प का होती. तशी ती नेहमीच गप्प असते, म्हणून कळलं नाही.

"आई, पी ना."

तिनं फिंजान आणखी थोडं त्याच्याकडे सरकवलं.

"हे बरोबर नाही. हा माझा डाव आहे."

"तुझ्या बापाचा," वहिनी म्हणाली. "मला मागायला आला तेव्हा माझ्या वडिलांपुढे त्यानं असंच ठेवलं होतं. मी पडद्याआडून बघत होते."

कॉफी निवली. सुनेनं ती ओतून टाकून दुसरी गरम ओतली, तीही निवली. मुसल्लम उठून खिडकीशी गेला. बाहेर पिकअप उभी होती, तिच्या चाकांना अजून आमची वाळू लागलेली. मांडीवरचं करडू ओरडायला लागलं आणि त्या थंडगार घरात त्याचा आवाज फारच मोठा वाटला.

"मला दिलेला शब्द तू पाळलास," तो पाठमोराच म्हणाला. "मी काय करू आता?" मग परत येऊन आईसमोर बसला. "पी, आई. दिलं."

"मला घरी जाऊ दे," ती म्हणाली. "गाडी धड आहे. तुला झोप येत नसेल तर दर शुक्रवारी येऊन बघत जा, फोनवर नको."

तिनं कॉफी प्यायली, मग आणखी एक, आणि पुरे म्हणून रिकामं फिंजान हलवून सुनेला दिलं.

पेटी मुसल्लमनंच पुन्हा गाडीत चढवली. दोर आवळताना तो रडत होता, आणि वहिनी त्याच्या हातावर हात ठेवून सांगत होती, गाठ अशी नाही रे, अशी.