समुद्राच्या आधीचा राजा

आमच्या गावात पूर्वज फार झाले होते. प्रत्येक आळीचे वेगळे, आणि झाडून सगळे शूर. एखादा पूर्वज पळाला, लपला, किंवा त्या दिवशी पोट बिघडलं म्हणून घरीच राहिला, असं कुणाच्याही घराण्यात निघत नसे. मग हरले ते कुणाचे पूर्वज, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. उत्तरादाखल पाठीत धपाटा मिळाला.

हे सांगते आहे ते साठ सालानंतरचं. आमचं गाव शिरगावच्या वरच्या अंगाला, खाडीच्या पलीकडे. पालघर स्टेशनला जायचं तर आधी तरीच्या होडीत बसून खाडी ओलांडायची. गावात आम्ही वाडीवाले, म्हणजे नारळ, केळी आणि पानवेलींवर जगणारे. किनार्‍याला मच्छीमार, मागे टेकडीला वारल्यांचा पाडा. चैत्री पुनवेला देवीची जत्रा भरायची आणि जत्रेत गावकर्‍यांचं नाटक व्हायचं. त्या नाटकात माझे बाबा वीस वर्षं राजा होते. नाटक कुठलंही असो, राजा बाबाच. एरवी पानवेलीला पाणी घालणारा, 'नाय-हाय' बोलणारा माणूस मिशी चिकटवली की असा काही कडकडायचा की खाडीपलीकडची कुत्री उत्तर द्यायची. आई म्हणायची, "यांचा आवाज वेगळा काढून विकता आला असता, तर घरावर कौलं आली असती."

पण ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या तीन वर्षं आधी नाटक बंद पडलं होतं. शिरगावचा किल्ला कसा पडला यावर खेळ होता, आणि तिसर्‍या अंकात भांडण लागलं की किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला कुणी. आमची आळी म्हणाली, आमच्या पूर्वजाने. किनारा म्हणाला, तुमच्या पूर्वजाला तिथपर्यंत नेला आमच्या होडीने, नाहीतर तो बसला असता केळी मोजत. तरीची होडी चालवणारा काका, आम्ही सगळे त्याला तरवालाच म्हणायचो, सरळ स्टेजवर चढला आणि आमच्या पूर्वजाची लाकडी तलवार त्याने गुडघ्यावर मोडली. पूर्वजाचं काम करणारा सुतार होता आणि तलवार त्यानेच घडवली होती, म्हणून प्रकरण फार वाढलं. तेव्हापासून पडद्यांची पेटी पोलीस पाटलाच्या माळ्यावर कुलपात पडली होती.

त्या वर्षी माघात बाबांचा आवाज बसला. चुना जास्त लागला असेल म्हणून आम्ही आठवडाभर हसलो. मग महिना झाला. पालघरच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं, आणि तिथे सांगितलं की घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही. तारीख मिळाली ती जत्रेनंतर तिसर्‍या दिवसाची.

घरी आल्यावर बाबा पायरीवर बसून म्हणाले, "पोरी, एकदा राजा करून टाकतो. मग कापू दे त्यांना काय कापायचं ते." आणि लगेच बजावलं, "गावात कोणाला बोलायचं नाय. टाळ्या दयेच्या पडतील. त्या मला नकोत."

मी तेव्हा गावच्याच शाळेत मास्तरीण होते. सगळ्या गावाचे अर्ज आणि रुसव्याफुगव्यांची पत्रं मीच लिहायची, त्यामुळे मला लिहिता येतं असा गावाचा समज होता. नाटक लिहायला घेतलं. इतिहासातलं घ्यावं तर पुन्हा तलवार मोडणार. पुराणातलं घ्यावं तर देवांनाही नातेवाईक निघतात. म्हणून म्हटलं, इतकं मागे जावं, इतकं मागे, की जिथे कुणाचा खापरपणजोबाही पोचलेला नाही. एक साम्राज्य, सगळ्यांच्या आधीचं, आणि पार नाहीसं झालेलं. त्याला नावसुद्धा दिलं नाही. कुठलंही नाव सुचलं तरी ते कुणाच्या तरी आडनावासारखं वाटायचं.

पोलीस पाटलाच्या ओटीवर बैठक बसली. पहिलीच हरकत आमच्या गुरवाने घेतली. कोकण तर ऋषीने बाण मारून समुद्रातून वर काढलं. त्याच्या आधी इथे नुसतं पाणी. मग साम्राज्य काय मासे चालवत होते?

मी म्हटलं, पाण्याच्याही आधी जमीन होती. ऋषीने नवीन काही काढलं नाही, बुडालेलं परत मिळवलं.

"आणि बुडालं कशाने?"

"राजाच्या गर्वाने," मी म्हटलं. हे उत्तर कुठल्याही बैठकीत चालतं.

तिथून पुढे त्या साम्राज्याला जे पाय फुटले ते मला आवरेनात. मी लिहिलं होतं की तिथे पंधरा दिवसांनी एकदा पाऊस पडे आणि तोही आधी विचारून. आमच्या आळीने सुचवलं की विड्याचं पान त्याच राजाने शोधून काढलं, आधी लोक नुसतीच सुपारी चावत. किनार्‍याने सांगितलं की आरमार होतं, आणि होड्या देवमाशाच्या बरगड्यांच्या होत्या. सुताराने सिंहासनाला आठ पाय मागितले. त्या राज्यात वाघाकडूनसुद्धा सारा घेत, असं मी लिहिल्यावर टेकडीवरचा एक म्हातारा वारली, जो कोपर्‍यात बसून विडी ओढत होता, तो पहिल्यांदा बोलला. "वाघाला आमी देतो, तो आमाला देत नाय," तो म्हणाला. "ते खोडा." मी खोडलं. संबंध नाटकात खरी म्हणावी अशी चूक तेवढीच निघाली.

आठ दिवसांत गंमत अशी झाली की जे साम्राज्य कुणाचंच नव्हतं ते सगळ्यांचं झालं. सुतार पारावर सांगू लागला की त्याच्या आज्याने परसात विहीर खणताना आठ पायांचं काहीतरी बघितलं होतं. किनार्‍यावर ओहोटीच्या वेळी बुडालेल्या भिंती दिसू लागल्या. मी स्वतःच्या हाताने, शाळेच्या शाईने, पाठकोर्‍या कागदांवर रचलेलं राज्य, आणि लोक मलाच समजावत होते, "बाई, तुमाला त्यातलं काय माहीत?"

आणि मग व्हायचं तेच झालं. तरवाल्याने प्रश्न काढला: तो राजा बोलायचा कसा?

"कसा म्हणजे?"

"तुमच्या आळीसारखा का आमच्यासारखा? इतकी वर्सं राजा तुमचा हाय. आता तो तुमच्या बोलीत बोलला का झालं, पुन्हा समुद्राच्या आधीपासून तुमीच मालक!"

मी म्हटलं, राजा पुस्तकी बोलेल. मग तो भटांचा झाला, असं दोन्हीकडून एकदमच आलं. तीन संध्याकाळी त्यावर गेल्या. चौथ्या संध्याकाळी पोलीस पाटील पेटीची किल्ली जानव्याला परत बांधायला लागला, तेव्हा तरवालाच म्हणाला, "मी सांगतो. राजा बोललाच नाय तर? बोलला का एकाचा होतो. गप र्‍हायला तर सगल्यांचा."

लोकांना ते फार आवडलं. राजा मौनव्रती. प्रधान बोलेल, सेनापती बोलेल, राजा सिंहासनावर बसून सगळ्यांकडे बघेल.

मी बाबांकडे पाहिलंच नाही. ज्या एका माणसासाठी समुद्राच्या तळातून अख्खं राज्य वर काढलं, त्यालाच बैठकीने एका ओळीत मुका केला होता, आणि मला सांगायची बंदी. तरवाल्याच्या डोक्यात पाटलाचा पितळी तांब्या घालावा, इतका राग मला आला. बाबा मात्र बसल्या आवाजात म्हणाले, "चालेल. पाठांतराचा त्रास वाचला." घरी येताना मी रडले, तर वर माझीच समजूत काढली. "अगं, सवय लवकर लागेल," म्हणाले. हा विनोद होता, आणि तो मी त्यांना आजतागायत माफ केलेला नाही.

जत्रेचा खेळ त्या वर्षी दुपारी चारला ठेवला. रात्री मारामारी झाली तर कोण कुणाला मारतो ते दिसत नाही, असं पोलीस पाटलाचं मत होतं. गर्दी तुफान झाली. तारापूरला मोठं बांधकाम निघालं होतं, तिथले मजूर बोईसरहून सुट्टी काढून आले होते. त्यांना नाटकातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे सगळ्यात शांत तेच होते.

बाबा आठ पायांच्या सिंहासनावर बसले होते. अंगावर जरीचा जुना झगा, मिशी, कपाळावर गंध. दोन अंक ते नुसते बघत होते. प्रधान विसरला, सेनापती धोतरात अडकून पडला, लोक हसले, राजा हलला नाही. मागून एक मजूर ओरडला, "राजासाहब, कुछ तो बोलो!" मी पडद्याआड उभी राहून वहीचं पान चुरगाळत होते.

शेवटच्या प्रवेशात समुद्र आला. किनार्‍याच्या पोरींनी निळे रंगवलेले पडदे दोन्ही बाजूंनी धरून हलवले, ढोल वाजले, आणि साम्राज्य बुडायला लागलं. ठरल्याप्रमाणे राजाने उभं राहायचं, उजवा हात वर करायचा आणि सावकाश खाली बसत दिसेनासं व्हायचं. बाबा उभे राहिले. हात वर केला. निळं कापड कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. आणि बाबांनी तोंड उघडलं.

"होऽऽऽऽऽ!"

ही आमच्याकडची तरीची हाळी. होडी पलीकडच्या काठाला असली की माणूस काठावर उभा राहून अशी हाळी देतो. ज्याच्या कानावर पडेल त्याने ती पुढे द्यायची, असा रिवाज आहे, मग हाळी देणारा वैरी का असेना. ती कुठल्या आळीची नाही, किनार्‍याची नाही, तिच्यात शब्दच नाही. बाबांचा आवाज फाटलेला होता, मध्येच तुटला, पुन्हा लागला, आणि इतका लांबला की ढोलवाला थांबला.

मग मागे बसलेली एक म्हातारी, डोळेही न उघडता, "होऽऽऽ" म्हणाली. तिच्या पुढच्याने दिली, त्याच्या पुढच्याने दिली, आणि बघता बघता गावातल्या यच्चयावत बायापुरुषांनी हाळी पुढे दिली. मजुरांनीही दिली, बहुधा नाटकात असंच असतं असं समजून. आणि आरमाराच्या प्रमुखाच्या वेषात, देवमाशाच्या बरगडीची टोपी घालून विंगेत उभा असलेला तरवाला स्टेजवरून उडी मारून खाडीकडे धावत सुटला. पन्नास पावलं गेल्यावर त्याला आठवलं की आपण नाटकात आहोत. तो परत वळला तेव्हा राजा निळ्या कापडाखाली गेलेला होता.

टाळ्या किती पडल्या ते सांगत नाही. दयेची त्यात एकही नव्हती.

तिसर्‍या दिवशी आम्ही मुंबईला गेलो. गाठीबरोबर आवाजही गेला. दीड महिन्याने बाबांना घेऊन परत आले, गळ्याला पांढरी पट्टी, वाळून उरलेल्या अंगावर सदरा. एव्हाना गावाला सगळं कळलं होतं.

खाडीच्या काठावर पोचलो तेव्हा तरीची होडी पलीकडे. ओहोटी लागलेली, अजून थोडा वेळ गेला असता तर चिखलात संध्याकाळपर्यंत बसावं लागलं असतं. सवयीने बाबांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि नुसती हवा गळ्याच्या भोकातून फुस्स करून गेली. त्यांनी तोंड मिटलं. माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत राहिले. वीस वर्षांत मी त्यांना हरलेला राजा करतानाही तसं पाहिलं नव्हतं.

मी हाळी दिली. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा माझा आवाज खाडीच्या मध्यापर्यंतही गेला नाही. पुन्हा दिली, वारा उलटा.

तेव्हा बाबांनी मला हाताने बाजूला सारलं, दोन पावलं पुढे झाले, आणि उजवा हात वर केला. सावकाश, बुडणार्‍या राजासारखा.

पलीकडे बोंबील वाळत घालणारी एक बाई थांबली. तिने डोळ्यांवर आडवा हात धरून बघितलं, आणि ओरडली, "होऽऽऽ!" मग तिच्या शेजारची. मग जाळी शिवणारे दोघे. मग सगळा किनारा, एकामागून एक, जी हाळी कुणी दिलीच नव्हती ती पुढे देत गेला.

तरवाला होडी घेऊन आला तेव्हा बाबांकडे न बघता दोरी सोडवण्यातच गुंतला. शेवटी म्हणाला, "जत्रेला राजाला मुका मी केला. आता तू कदी पन यून नुसता उभा र्‍हा. आमी बगतो."

बाबांनी मान हलवली आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन होडीत चढले.