औषध गाळायचा दुपट्टा

"पेऊन आला जी हा, डाक्टरसाहेब," असं म्हणत बळीरामनं आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, देवाजीला, बैलगाडीतून उतरवलं. मागून बहीण सुमन कडाडली, "तुह्या तोंडात किडे पडो! हे पेत नाही जी. सकाळपासून धानाले औषध मारून राहिले होते."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मोहाडीजवळच्या आरोग्य केंद्रातली माझी पहिली नेमणूक. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही झालं नव्हतं. चुकायची मला फार भीती वाटे.

देवाजी घामानं निथळत होता. तोंडाला फेस, छातीत घरघर. टॉर्च मारला तर डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. दारूनं असं होत नाही. हे फवारणीचं विष शरीरातले सगळे नळ एकदम उघडतं. फुप्फुसं पाण्यानं भरून माणूस गुदमरतो. नळ बंद करणारं इंजेक्शन म्हणजे ॲट्रोपिन. घरघर थांबेपर्यंत ते देत राहायचं.

कपडे काढले, साबणानं अंग धुतलं, इंजेक्शनं दिली. तासाभरात छाती मोकळी झाली. मी चहा मागवला. तो येईपर्यंत घरघर परत सुरू. पुन्हा डोस, पुन्हा आराम, पुन्हा घरघर.

"सिस्टर, ॲट्रोपिन किती उरलं?"

"सहाच ॲम्प्युल्स, सर. आणि जरा बाईच्या हाताकडे बघा."

सुमन मायेनं नवऱ्याचं तोंड, मान पुसत होती. हातात जुना दुपट्टा.

"हा कोणाचा?"

"यायचाच जी," ती नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "पंपात कचरा जाऊ नये म्हणून औषध यातूनच गाळते."

गाळून झालं की तोच दुपट्टा डोक्याला बांधायचा, अशी गावोगावी रीत होती. मी शेतकऱ्याचाच मुलगा, पण विचारायचं सुचलं नाही. दुपट्टा बाहेर गेला. देवाजीला पुन्हा धुतलं, सुमनचे हातही धुतले. चार ॲम्प्युल्समध्ये काम भागलं.

संध्याकाळी ॲट्रोपिन डोक्यात चढलं. त्यानं काही वेळ भ्रम होतो. देवाजी उठून बसला आणि बळीरामकडे बघून ओरडला, "ढवळ्या, धानाच्या बांधीतून बाहेर हो!"

बळीराम म्हणाला, "आता तरी पेला आहे ना जी?"

"हो," सिस्टर म्हणाल्या, "आम्हीच पाजलं."

चौथ्या दिवशी देवाजी पायी घरी गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो नवाकोरा दुपट्टा माझ्या खांद्यावर घालायला आला. मी तो आधी हुंगून पाहिला. सुमन पोट धरून हसली.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. रुग्णाचे कपडे काढले की एकूण एक ताब्यात घ्यावे, घरच्यांनी मायेनं हातात धरलेलेसुद्धा.